गोविंदा पथकाचे १६० टी-शर्ट: स्क्रीन, डीटीएफ की सब्लिमेशन?

तळाचा_थर | ३ जुलै, रात्री ११:१२

नमस्कार मंडळी. कळव्यातल्या एका छोट्या गोविंदा पथकाचा मी खजिनदार. थरात तळाला असतो, वर्गणी मागतानाही तळालाच. टी-शर्टचं काम दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतं, म्हणून हा धागा.

आधी मागच्या वर्षीची फजिती सांगतो. मरून रंगाचे पॉलिएस्टरचे टी-शर्ट घेतले होते, ते जाळीदार विणीचे, 'डॉट निट' म्हणतात ते. पाठीवर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत पथकाचं नाव. गठ्ठे घरी आले तेव्हा अक्षरं दुधासारखी पांढरी. चार दिवसांनी हंडीच्या सकाळी गठ्ठे सोडले तर सगळी अक्षरं गुलाबी! छपाईवाला म्हणाला, "दमट हवेमुळे होतं." खरं आहे का हे?

छातीवर 'गोविंदा' असं व्हायनल (चिकट प्लास्टिकचा पातळ कागद) कापून चिकटवलं होतं. पहिल्याच धुण्यात अनुस्वार गेले. निम्मं पथक 'गोविदा'. शेजारच्या पथकातली पोरं अजून "काय गोविदा, कसं काय" म्हणून हाक मारतात.

यंदा १६० नग आहेत. गडद निळा रंग, कॉटन. पाठीवर ११ बाय १४ इंचांचं पाच रंगांचं चित्र, छातीवर साडेतीन इंचांचं एकरंगी बोधचिन्ह. एक जण म्हणतो स्क्रीन, दुसरा म्हणतो डीटीएफ, तिसरा म्हणतो, "कापड बदला, सब्लिमेशन करा." प्रायोजक अजून ठरायचाय आणि त्याचा फोटोही टाकायचाय (नेमका कुणाचा, ते विचारू नका). हंडी १६ ऑगस्टला. माल १० तारखेपर्यंत हातात हवा.

---

मीटरवर_रोल | ३ जुलै, रात्री ११:४१

डीटीएफ ('डायरेक्ट टू फिल्म') करा आणि झोपा निवांत. माझं नाशकात छोटं युनिट आहे, म्हणजे बाजू घेतोय हे आधीच कबूल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: चित्र कापडावर छापायचंच नाही. प्लास्टिकच्या फिल्मवर उलटं छापायचं, आधी रंग, त्यावर पांढरी शाई. शाई ओली असतानाच तिच्यावर गोंदाची पूड भुरभुरायची. ती ओल्या शाईला धरते, उरलेली झटकून टाकायची. मग भट्टीत पूड वितळवायची. झाला स्टिकर तयार. तो टी-शर्टवर ठेवून हीट प्रेसमध्ये साधारण १५० ते १६० अंशांवर १०-१५ सेकंद दाबला, फिल्म सोलली, काम झालं. रंग पाच असोत की पाचशे, दर तोच. फोटो जसाच्या तसा येतो. कॉटन, पॉलिएस्टर, काळा, पांढरा, सगळं चालतं. फ्रेम नाही, मिनिमम ऑर्डर नाही. एक नग मागा, एक देतो.

---

चहाबिस्किट | ४ जुलै, सकाळी ७:५०

"करा आणि झोपा" म्हणणाऱ्या छपाईवाल्यापासून सावध राहा. झोपेतून उठल्यावर अक्षरं गुलाबी असतात. बाकी चालू द्या.

---

स्क्वीजीवाले_काका | ४ जुलै, सकाळी ९:०५

डोंबिवलीत माझी चौतीस वर्षं याच धंद्यात गेली. सुरुवात लग्नपत्रिकांपासून, मग पिशव्या, मग टी-शर्ट. पद्धत मागाहून ठरवायची रे. आधी चार प्रश्न: कापड काय, नग किती, रंग किती, तारीख कोणती. तू चारही सांगितलेस, निम्मं काम तिथंच झालं. बहुतेक गिऱ्हाइकं मोबाइलमधला धुरकट फोटो पाठवून विचारतात, "काका, हे किती पडेल?"

स्क्रीनचं गणित असं. प्रत्येक रंगाला वेगळी फ्रेम. फ्रेमवर ताणलेली जाळी, जाळीवर इमल्शनचा थर. वर पॉझिटिव्ह, म्हणजे पारदर्शक फिल्मवर काळ्या शाईत काढलेलं चित्र, ठेवून उजेड द्यायचा. उजेड लागेल तिथं इमल्शन कडक होतं, काळ्याखालचं मऊ राहतं. ते पाण्यानं धुऊन काढलं की तेवढी जाळी उघडी. त्यातून स्क्वीजीनं, म्हणजे रबरी पट्टीनं, शाई ओढायची. आम्ही पूर्वी गच्चीवर उन्हात एक्स्पोज करायचो, तोंडानं आकडे मोजत. ढग आला की फ्रेम वाया. आता दिव्याची पेटी आहे.

तुझ्या निळ्या कापडावर केशरी, लाल, पिवळा, आकाशी टाकायचे तर खाली पांढरं अस्तर लागेल. पांढरा तुझा पाचवा रंग आहेच, त्याचीच फ्रेम अस्तराला चालेल. म्हणजे पाठीला पाच फ्रेमा, छातीला एक. सहा फ्रेमांचा खर्च एकदाच, मग १६० छाप की ५००. ताणलं तरी तडकत नाही. मात्र शाई नीट भाजलेली हवी. प्लॅस्टिसॉल, म्हणजे आमची प्लास्टिकची शाई, साधारण १६० अंशांपर्यंत थरभर तापायला लागते. वरून सुकल्यासारखी दिसली म्हणून थांबलात की दोन धुण्यांत तिचे पोपडे निघतात. लोक स्क्रीनला नावं ठेवतात, ती बहुतेक या कच्च्या भाजणीमुळे.

---

सूतपुतळी | ४ जुलै, दुपारी १:२०

गुलाबी अक्षरांबद्दल. मी टेक्स्टाइल इंजिनिअर, मुक्काम इचलकरंजी. दमट हवेचा यात दोष नाही.

पॉलिएस्टर रंगवतात डिस्पर्स रंगांनी. या रंगांचा स्वभाव असा की जास्त तापले की घनातून थेट वायू होतात आणि जवळ जे प्लास्टिक मिळेल त्यात शिरतात. तुमच्या मरून टी-शर्टवर पांढरी प्लॅस्टिसॉल छापून भट्टीत घातली तेव्हा कापडातला लाल उठून पांढऱ्यात शिरायला लागला. गरम गरम माल गठ्ठ्यात बांधला असेल तर त्याने आणखी हातभार लावला. शिरण्याची ही क्रिया लगेच संपत नाही, तासांनी-दिवसांनीही चालू राहते. म्हणून घरी आले तेव्हा पांढरे आणि हंडीला गुलाबी. लाल-मरून पॉलिएस्टर यात कुप्रसिद्ध. उपाय आहेत: कमी तापमानाला भाजणारी शाई, किंवा पांढऱ्याखाली रंग अडवणारा राखाडी-काळा थर. तुमच्या छपाईवाल्यानं यातलं काही केलं नाही.

गंमत म्हणजे सब्लिमेशन छपाई चालते ती याच खोडीवर. डिस्पर्स रंग कागदावर छापायचे, पांढऱ्या पॉलिएस्टरवर ठेवून २०० अंशांच्या आसपास पाऊणएक मिनिट दाबायचे. रंग वायू होऊन धाग्याच्या आत जातो. हाताला काहीच लागत नाही, सोलण्याचा प्रश्नच नाही, टी-शर्ट फाटेल पण चित्र जाणार नाही. पण पांढरी शाई या प्रकारात नाही, म्हणून गडद कापडावर चालत नाही आणि कॉटन तर हा रंग धरतच नाही. तुम्हाला निळं हवं असेल तर पांढऱ्या पॉलिएस्टरवर निळासुद्धा छापूनच घ्यावा लागेल. क्रिकेटच्या जर्सी अशाच होतात.

---

तळाचा_थर | ४ जुलै, दुपारी २:०२

सूतपुतळी, धन्यवाद. वर्षभर मी दमट हवेला शिव्या घालत होतो.

---

पाचवा_थर | ४ जुलै, संध्याकाळी ६:३०

चढणाऱ्यांचं पण ऐका जरा. मी लालबागकडचा, नऊ वर्षं चढतोय. पॉलिएस्टर ओलं झालं की हलकं राहतं, पण खांद्यावर पाय सरकतो. कॉटन ओलं झालं की लोंबतं, पण पकड मिळते. यावर आमच्यातच दोन तट आहेत. पण एक गोष्ट सगळे मानतील: खांद्यावर प्लास्टिकचं चित्र नको. वरच्याचा पाय तिथंच पडतो. आणि पाठभर सलग डीटीएफ म्हणजे पाठीला प्लास्टिकची पिशवी. आत घाम, बाहेर पाणी, मध्ये आपण.

---

मीटरवर_रोल | ४ जुलै, संध्याकाळी ७:१५

सलग पट्टा टाकायचाच कशाला? चित्रात मोकळ्या जागा ठेवल्या की कापड श्वास घेतं. हा दोष चित्र काढणाऱ्याचा. आणि काका, सहा फ्रेमा करून वर १६० नग सहा-सहा वेळा ओढण्यापेक्षा माझं मशीन रात्रभर आपलं आपण छापतं.

---

स्क्वीजीवाले_काका | ४ जुलै, रात्री ८:४०

मशीन रात्रभर छापतं आणि सकाळी पांढऱ्या शाईचं नोझल तुंबलेलं सापडतं, हे पण सांग की पोरा. पांढऱ्या शाईत टायटॅनियम डायऑक्साइड असतं, ते जड, खाली बसतं. दोन दिवस मशीन बंद ठेवून गावाला गेलास की परत आल्यावर पहिला फोन दुरुस्तीवाल्याला. माझी फ्रेम खुंटीवर दोन वर्षं लटकू दे, उतरवली की चालू.

---

मीटरवर_रोल | ४ जुलै, रात्री ८:५२

खरं आहे. म्हणून गेल्या दोन वर्षांत गावाला गेलेलो नाही.

---

आकडेमोड | ५ जुलै, सकाळी १०:१०

हौसेनं हिशोब केला. दर धागाकर्त्याला व्यनि (खासगी निरोप) करून विचारले, म्हणजे हे त्यांना मिळालेल्या कोटेशनमधले आहेत. तुमच्या गावात वेगळे असतील.

स्क्रीन: फ्रेम ४०० रुपये, सहा फ्रेमांचे २४००. प्रत्येक छापाचे ८ रुपये, एका नगाला सहा छाप म्हणजे ४८. १६० नगांचे ७६८०. एकूण १०,०८०, नगामागे ६३ रुपये.

डीटीएफ: रोल मीटरला ३००. रोलच्या रुंदीत ११ इंची चित्रं दोन बसतात आणि १४ इंच म्हणजे साधारण ३६ सेंटिमीटर लांबी खातात. म्हणजे एका पाठीला १८ सेंटिमीटर रोल, ५४ रुपये. छातीचं बोधचिन्ह साडेचार रुपये. दोनदा प्रेस, १०-१० रुपये. एकूण साडेअठ्ठ्याहत्तर.

म्हणजे १६० नगांना स्क्रीन स्वस्त. पण २५ नग असते तर स्क्रीन १४४ रुपयांना पडली असती आणि डीटीएफ तसंच साडेअठ्ठ्याहत्तर. दोन्ही रेघा साधारण ७९ व्या नगाला एकमेकींना छेदतात. आणि पाठीवर एकच रंग असता तर स्क्रीन तेराव्या नगालाच स्वस्त! स्क्रीनला रंग महाग, डीटीएफला क्षेत्रफळ महाग. नगांच्या संख्येइतकीच रंगांच्या संख्येवर भांडा. तुमच्या कार्यकारिणीला पाच रंग खरंच हवेत का?

---

तळाचा_थर | ५ जुलै, सकाळी १०:३१

कार्यकारिणीला सात हवे होते. पाचवर मी आणले.

---

ठसेवाली | ५ जुलै, दुपारी ३:४५

धागा छान चाललाय, पण वर कुणाकुणाच्या बोलण्यात स्क्रीन म्हणजे 'जुनी परंपरा' असा सूर दिसतो. मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमननं रेशमी जाळीतून छापण्याचं पेटंट घेतलं ते १९०७ साली. म्हणून तर तिला 'सिल्क स्क्रीन' म्हणतात, आता जाळी पॉलिएस्टरची असली तरी. आपल्याकडे लाकडी ठशांनी कापड छापणं त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून आहे. ठशांपुढे स्क्रीन म्हणजे कालचं पोर.

मी पुण्यात ठशांचं काम करते. ठसे गुजरातेत पेथापूरला कोरलेले, सागवानाचे. टी-शर्टवर ठसे मारता येतात, पण टी-शर्टचं कापड विणलेलं, म्हणजे फासे टाकलेलं, ताणलं की पसरतं. धोतराच्या किंवा साडीच्या कापडासारखं ते गप्प बसत नाही. आधी टी-शर्ट धुऊन त्याचं फिनिश काढायचं, इस्त्री करायची, मेजावर गोणपाट आणि चादरीची गादी करून त्यावर टाचण्यांनी नुसता टेकवायचा, ताणायचा नाही. ताणून ठसा मारलात तर सोडल्यावर गोल चंद्र लंबगोल. पुढचा आणि मागचा भाग वेगळा ठेवायला मध्ये पुठ्ठा घालायचा. नाहीतर छातीवरचं फूल पाठीतून डोकावतं. तसं झालेले चार टी-शर्ट माझ्या घरी फरशी पुसायला आहेत.

दिवसभरात पंचवीस-तीस झाले तरी हात दुखतो. एकही दुसऱ्यासारखा येत नाही. १६० गोविंदांसाठी हे कुणी करू नये. पण मुलाच्या मुंजीला घरच्या दहा जणांसाठी हवे असतील तर या.

---

ऱ्हाइनकाठ | ५ जुलै, संध्याकाळी ५:२०

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या सहलीसाठी १२ टी-शर्ट हवे होते. जर्मनीत बारा नगांसाठी फ्रेमा करायला कोण बसणार? इंटरनेटवरून डीटीजी करून घेतले, म्हणजे शाई थेट कापडावर, कागदावर प्रिंटरनं छापावी तशी. शंभर टक्के कॉटनवर छान बसतं, मऊ लागतं, पाण्यातली शाई धाग्यात मुरते. गडद कापडाला आधी एक द्रावण फवारावं लागतं, त्यामुळे टी-शर्ट आले तेव्हा व्हिनेगरचा वास येत होता. पहिल्या धुण्यात गेला. फोटो सुंदर आला. पण देवनागरी मजकूर मी साध्या फाइलमध्ये पाठवला आणि त्यांच्याकडे फॉन्ट नव्हता. 'वर्षासहल'मधला रफार 'स'वर जाऊन बसला. बाराही जण ते घालून फिरले. जर्मनांना काय कळतंय.

---

कानामात्रा | ५ जुलै, रात्री ९:००

अखेर माझा विषय निघाला! बावीस वर्षं डीटीपी करतोय. देवनागरी छापायला देताना हे पाळा, पद्धत कुठलीही असो.

मजकूर कधीही टाइप स्वरूपात देऊ नका. कोरलड्रॉमध्ये कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून द्या. आपल्याकडे अजून निम्म्या जुन्या फाइली युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत आहेत. दुसऱ्याच्या संगणकावर त्या उघडल्या की वेलांट्या भटकतात.

व्हायनल कापून घेणार असाल तर कर्व्ह करूनही पुरत नाही. देवनागरीत अक्षराला अक्षर चिकटतं, शिरोरेषा एकमेकींवर चढतात. प्लॉटर (व्हायनल कापणारं यंत्र) बिचारा प्रत्येक बाह्यरेषा कापतो, म्हणून शिरोरेषेत जागोजागी चिरा पडतात. आधी सगळे आकार 'वेल्ड' करून एकसंध करायचे. इंग्रजी अक्षरं सुटी असतात, म्हणून हा त्रास तिकडच्या शिकवणीत कुणी सांगत नाही.

आणि धागाकर्त्याचा गेलेला अनुस्वार. व्हायनलचा ठिपका दोन-तीन मिलिमीटरचा, चिकटायला जागाच नाही. धुण्यात कडेनं पाणी शिरलं की सगळ्यात आधी तोच जातो. साडेतीन इंचांच्या चिन्हात व्हायनलचा अनुस्वार द्यायचाच नाही. एकतर ठिपका जाड करून शिरोरेषेला टेकवा, किंवा ते काम स्क्रीनला द्या.

---

स्क्वीजीवाले_काका | ५ जुलै, रात्री ९:३५

कानामात्रा, शंभर टक्के. स्क्रीनमध्ये पण जाळी बघावी लागते. ठोकळेबाज अक्षरांना ४३ टी चालते, म्हणजे सेंटिमीटरला ४३ धागे. शाई भरपूर पडते, पांढरा झाकतो. पण बारीक अनुस्वार, रफार, छोटं बोधचिन्ह असेल तर ७७ टी घ्यायची. फोटो ठिपक्यांत फोडायचा असेल तर इंचाला ४५ ओळींच्या हाफटोनला ७७ टीच्या खाली जाऊच नये, नाहीतर चेहऱ्यावर देवीचे व्रण. तुझ्या प्रायोजकाच्या फोटोसाठी आठवण करून ठेवतो.

तो फोटो स्क्रीननं करण्याच्या भानगडीत पडू नकोस, हे मी स्क्रीनवाला असून सांगतो.

---

सूतपुतळी | ६ जुलै, सकाळी ११:३०

सांडपाण्यावर कुणीच बोललं नाही. पंचगंगेच्या काठी राहतो, गप्प बसवत नाही. स्क्रीनच्या जुन्या इमल्शनमध्ये बायक्रोमेट घालतात, ते विषारी. काकांनी तरुणपणी हाताचे चट्टे बघितले असतील. त्याला डायझो किंवा फोटोपॉलिमर असे पर्याय आहेत, थोडे महाग. प्लॅस्टिसॉल म्हणजे पीव्हीसी, ते कुजत नाही. पण डीटीएफ काही तुळशीचं रोप नाही. प्रत्येक टी-शर्टमागे फिल्म कचऱ्यात, बारीक पूड हवेत, भट्टीचा धूर खोलीत. बंद गाळ्यात मास्क न लावता काम करणारी पोरं मी बघितली आहेत. यातल्या त्यात सौम्य म्हणजे पाण्यातली पिगमेंट शाई, आणि गडद कापडावर तीच झाकत नाही!

---

स्क्वीजीवाले_काका | ६ जुलै, दुपारी १२:१५

चट्टे आहेत. डाव्या अंगठ्यापाशी, १९९४ पासून. आता डायझो वापरतो, आणि मुलाला हातमोज्यांशिवाय फ्रेमेला हात लावू देत नाही.

---

तळाचा_थर | ९ जुलै, रात्री १२:०५

बैठक झाली. आकडेमोडचा हिशोब प्रिंट काढून वाटला. दीड तास भांडण. निर्णय असा:

पाठीवर दोनच रंग, पांढरा आणि केशरी, स्क्रीनने. छातीवरचं चिन्ह पांढरं, तेही स्क्रीनने, अनुस्वार जाड. म्हणजे तीन फ्रेमा. प्रायोजकाचा फोटो चार इंची, उजव्या बाहीवर, डीटीएफने आणि सगळ्यात शेवटी. खांदे मोकळे. काकांच्या युक्तीनं केशरी थेट पांढऱ्या अस्तरावर बसतो, वेगळं काही लागत नाही.

स्क्रीनचे ५०४०. बाहीच्या ठिगळाला साडेतीन मीटर रोल आणि प्रेसिंग मिळून २६५०. नगामागे ४८ रुपये. दोन्ही मूळ कोटेशनपेक्षा कमी! टी-शर्ट तिरुपूरचे, १८० जीएसएम (चौरस मीटरला १८० ग्रॅम), बायोवॉश.

काका, काम तुम्हालाच देतोय. उद्या डोंबिवलीला येतो.

---

चहाबिस्किट | ९ जुलै, सकाळी ८:१०

बायोवॉश म्हणजे गोमूत्र का हो?

---

सूतपुतळी | ९ जुलै, सकाळी ९:२६

नव्हे. सेल्युलेज नावाचं विकर. कापडावरची बारीक लव खाऊन टाकतं, म्हणून गोळे कमी धरतात आणि छपाईची कड स्वच्छ येते.

---

ठसेवाली | ९ जुलै, सकाळी १०:००

आधी एक छापलेला नमुना हातात घेऊन तीन गोष्टी करा. छपाई दोन बोटांनी ताणून बघा, तडकली तर भाजणी कच्ची. ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासा, रंग उतरला तर परत. आणि तो टी-शर्ट त्याच रात्री मशिनमध्ये उलटा करून धुवा. सगळा माल येण्याआधी, आल्यावर नव्हे.

---

तळाचा_थर | १८ ऑगस्ट, रात्री १०:५०

धागा वर काढतोय, वृत्तान्त द्यायचा राहिला होता. आवाज बसलाय, म्हणून टाइप करतोय.

काकांनी ३ ऑगस्टला माल दिला, सात दिवस आधी. लांब मेजावर ओळीनं पाट्या, प्रत्येक पाटीवर एक टी-शर्ट. काकांचा मुलगा एका टोकापासून पांढरा ओढत गेला. मग प्रत्येकावर तापवणारा दिवा फिरवला, पांढरा हाताला लागेनासा झाला की केशरी. मी उभा राहून बघत होतो. एक फ्रेम मला पण ओढायला दिली. माझ्या हातून कड दुहेरी आली. तो टी-शर्ट मीच घेतला, १६० मधला मला ओळखू येणारा एकमेव.

मग नाट्य. १३ तारखेला प्रायोजक बदलला. (कारण विचारू नका.) जुन्या चेहऱ्याची १६० ठिगळं रोलवर तयार होती, पण टी-शर्टवर लावली नव्हती. नुकसान साडेतीन मीटर रोलचं, हजार-बाराशे रुपये. तो चेहरा पाठीवर छापला असता तर १६० टी-शर्ट गेले असते. नवीन रोल ठाण्यात एका रात्रीत करून घेतला. पाऊस असा की गाळ्याच्या भिंती ओल्या. सकाळी लावून बघतो तर साहेबांच्या डोक्याभोवती पांढरट धुरकट वलय. सगळ्या १६० वर.

मला वाटलं आता संपलं. साहेबांचा माणूस आला, बाही धरून बघितली आणि म्हणाला, "तेजोवलयाची आयडिया भारी आहे. हे मुद्दाम केलंत ना?" मी म्हणालो, "अर्थात."

---

मीटरवर_रोल | १८ ऑगस्ट, रात्री ११:०४

हाहाहा! हवेत ओल जास्त झाली की पूड गुठळते आणि शाई नाही तिथेही चिकटते, पुरती झटकली जात नाही. प्रेस केल्यावर तीच धुकं होऊन दिसते. ज्येष्ठापासून मी गाळ्यात आर्द्रता ओढणारं यंत्र लावतो. तुमच्या छपाईवाल्याकडे नसणार. या वेळी दमट हवेला शिव्या घातल्यात तर हरकत नाही.

---

स्क्वीजीवाले_काका | १९ ऑगस्ट, सकाळी ९:१५

पावसाळ्यात आमचं पण इमल्शन वाळत नाही रे. ओलसर राहिलं की एक्स्पोज कच्चं होतं आणि धुताना चित्रासकट वाहून जातं. तुझी पहिली केशरी फ्रेम अशीच गेली होती. तुला सांगितलं नाही. अंधारात पंख्याखाली पुरती वाळवून दुसरी केली. त्या फ्रेमेचे पैसे लावलेले नाहीत, घाबरू नकोस.

---

पाचवा_थर | १९ ऑगस्ट, सकाळी ११:४०

किती लावले?

---

तळाचा_थर | १९ ऑगस्ट, दुपारी १२:०१

सहा. सातव्याला सलामी दिली आणि उतरलो. पाय कुणाचाच सरकला नाही.

---

तळाचा_थर | २६ ऑक्टोबर, रात्री ९:३०

कुणी भविष्यात हा धागा शोधत आलं तर, म्हणून नोंद. आठ-नऊ धुणी झाली. पाठीवरचा पांढरा-केशरी जसाच्या तसा. अनुस्वार जागेवर. बाहीवरच्या ठिगळांच्या कडा काहींच्या उचलल्या आहेत. उलटा न करता धुतलेल्यांच्या आणि फोटोवरून इस्त्री फिरवलेल्या दोघांच्या. त्यांतल्या एकाच्या इस्त्रीला साहेबांचा अर्धा चेहरा चिकटला.

काका, चौदा नवीन पोरं आली आहेत, त्यांना तेच टी-शर्ट हवेत. फ्रेमा धुऊन टाकल्या असतील ना आता?

---

स्क्वीजीवाले_काका | २७ ऑक्टोबर, सकाळी ९:०२

खुंटीवर आहेत. मंगळवारी ये. बाहीचं काय करायचं ते मात्र आधी ठरवून ये.

---

तळाचा_थर | २७ ऑक्टोबर, सकाळी ९:४०

बाही कोरीच ठेवा. साहेबांचे पैसे अजून आलेले नाहीत.